गंगेच्या कालव्याकाठी पळताना : ऋषिकेश ते रुडकी

डोंगरात पळायचं म्हटलं की लोक लगेच घाट सुचवतात. मला घाट नको असतो. डोंगर समोर दिसावा, पण पायाखाली येऊ नये, असा माझा हिशेब. नाशिकला गंगापूरच्या डाव्या कालव्याच्या कडेनं पळायची सवय लागल्यापासून हे खूळ वाढलंय. कालव्याकाठचा रस्ता कितीही वळला तरी चढत नाही, पाण्याची सोबत असते आणि झाडं असली तर नऊपर्यंत ऊन लागत नाही.

त्यामुळे ताईनं हरिद्वारचा बेत काढला तेव्हा तिच्या डोक्यात गंगास्नान होतं आणि माझ्या डोक्यात गंगेचा कालवा. दाजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या डोक्यात काय होतं ते त्यांनी गाडीत बसल्या बसल्या सांगितलं, आणि मनमाड येईपर्यंत सांगत होते.

दिवाळीनंतरचे दिवस मुद्दाम धरले. हरिद्वारपासूनचा कालवा दरवर्षी साफसफाई आणि दुरुस्तीसाठी दसऱ्याच्या सुमाराला बंद करतात आणि दिवाळीच्या आसपास पुन्हा सोडतात. तिकडे त्याला गंगाबंदी म्हणतात. त्या दिवसांत गेलात तर गाळ दिसेल, पाणी नाही. श्रावणातही पळायच्या इराद्यानं जाऊ नका, कारण कालव्याची पटरी तेव्हा कांवडियांची असते. लाखो माणसं खांद्यावर गंगाजल घेऊन याच वाटेनं दिल्ली-मेरठकडे चालत जातात.

शुक्रवार, ऋषिकेश

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही घडलं नाही. दुपारी पोचलो, स्कूटर भाड्यानं घेतली, ताई लवंडली आणि मी बूट चढवले.

ऋषिकेशात सगळे वर लक्ष्मणझुल्याकडे जातात. पळायचं असेल तर त्रिवेणी घाटावर या आणि प्रवाहाच्या दिशेनं खाली निघा. नदीकाठानं बांधलेला आस्था पथ आहे. गावातली माणसं त्याला मरीन ड्राइव्ह म्हणतात. मुंबईकरांनी हसू नये, समोर समुद्र नसला तरी पलीकडच्या काठावर राजाजी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल थेट पाण्यापर्यंत उतरलंय. नोव्हेंबरात गंगा हिरवी असते. पावसाळ्यातला गढूळपणा गेलेला, काठचे गोटे उघडे पडलेले, आणि मधेच एखादं वाळूचं बेट.

वाटेवर फिरायला आलेल्या आज्या, सायकल शिकणारी मुलं आणि हटायचं नाव न घेणाऱ्या गाई. वेग वगैरे विसरा. सूर्य डोंगरामागे गेला आणि घामेजलेल्या पाठीवर गार वारा आला. दिवसभर उन्हात बसलेलं ऋषिकेश अर्ध्या तासात स्वेटर घालतं. पळून झाल्यावर घालायला कोरडं जॅकेट दाजींच्या डिकीत ठेवलं होतं, तेवढीच त्या दिवसाची हुशारी.

जेवायला गढवाली थाळी शोधली. चार टेबलांची जागा, पौडीकडची बाई स्वतः चुलीपाशी. मंडुएकी रोटी म्हणजे आपली नाचणीचीच, पण गव्हाचं पीठ मिसळून लाटलेली. सोबत गहतची, म्हणजे कुळथाची दाल, भांगेच्या बियांची चटणी आणि शेवटी झंगोऱ्याची, म्हणजे भगरीसारख्या धान्याची खीर. भांग ऐकून ताईनं चटणीची वाटी दाजींकडे सरकवली. बाई हसून म्हणाल्या, "दीदी, बीज में नशा नहीं होता, ठंड भागती है." ताईनं मग दोनदा मागून घेतली. नाचणीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवतात तसा त्यांनी घरचं तूप ओतलेला खळगा करून दिला होता. दुसऱ्या दिवशी पळायचं आहे हे विसरून मी तीन खाल्ल्या.

शनिवार, पशुलोक बराज आणि चिल्ला

गावाच्या खालच्या अंगाला, एम्सच्या जवळ, पशुलोकचा बराज, म्हणजे दरवाजांचा बंधारा आहे. सकाळी पावणेसातला पोचलो तर बराजचा पलीकडचा निम्मा भाग धुक्यात. अडवलेल्या पाण्यावर केशरी रंगाची बदकं. चक्रवाक. तिकडे सुरखाब म्हणतात. हिवाळ्यात हिमालयापलीकडून उतरतात आणि या पाण्यावर मुक्काम करतात. जोडीनं पोहत होते आणि त्यांचा आवाज बंद नाकातून बोलल्यासारखा. काव्यातल्या विरही चक्रवाकांची कल्पना त्या आवाजानं पार ढासळली.

याच बराजवरून डाव्या काठाला चिल्ल्याचा कालवा निघतो. सुमारे चौदा किलोमीटर जाऊन तो चिल्ल्याच्या वीजघरावर पडतो, तिथे १४४ मेगावॅट वीज तयार होते आणि पाणी पुन्हा गंगेत. १९८० पासून चालू आहे. दाजींनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "हा कालवा नव्हे. हा वीजवाल्यांचा नळ. एका शेतकऱ्याला पाणी देत नाही."

पण पळायला? एका बाजूला साल आणि शिसवीचं जंगल, दुसऱ्या बाजूला काठोकाठ निळसर पाणी, समोर शिवालिकाच्या टेकड्यांची रांग, त्यांच्या कडेवर नुकतं ऊन लागलेलं. रस्ता डांबरी, रहदारी नाही. मी खूश होऊन लय पकडली. आणि वनखात्याच्या चौकीवर मला थांबवलं.

"मॅडम, पैदल आगे नहीं." गार्ड तरुण होता, हातात पितळी पेला. मी म्हटलं, रस्ता तर सार्वजनिक आहे. तो म्हणाला, "सड़क आपकी है, पर हाथी को किसने बताया?" काल संध्याकाळी एक टस्कर इथूनच कालव्याच्या पुलाकडे गेला होता. त्यानं मला रस्त्याकडेचं एक रोहिणीचं झाड दाखवलं. खोडाची साल माझ्या डोक्याच्या वरपासून ढोपरापर्यंत पट्ट्यापट्ट्यांनी सोललेली, आतलं लाकूड ओलं आणि गुलाबी. खाली चघळून टाकलेल्या चोथ्याचे गोळे, दोराच्या गुंडाळीसारखे. हत्तींना ही साल फार आवडते. रस्त्यावरची लीद मी आधी ओलांडून आले होते, पण ती इतकी ताजी आहे हे आता कळलं.

इथला कालवा हत्तींना अडचणच आहे. चिल्ला आणि मोतीचूर या गंगेच्या दोन काठांवरच्या जंगलांत हत्तींची पूर्वापार ये-जा. मधे आता कालवा, रेल्वे, हमरस्ता आणि वस्ती. कालव्याच्या भिंती तिरक्या आणि काँक्रीटच्या, पाणी जोरात. प्राणी आत पडला तर पाय ठेवायला खाच नाही. माणसालाही नाही, म्हणून तोंड धुवायला वगैरे काठाला उतरू नका. राजाजी, मोतीचूर आणि चिल्ला ही तीन अभयारण्यं एकत्र करून १९८३ साली राजाजी राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१५ पासून ते व्याघ्र प्रकल्प आहे. मी ज्याला रनिंगचा रस्ता समजून आले होते तो या सगळ्यांच्या मधून जातो.

गार्डनं चहा दिला. मग मी दाजींच्या मागे स्कूटरवर बसले आणि पुढचं जंगल तसंच पाहिलं. बीन नदी रस्त्यालाच आडवी येते. नोव्हेंबरात घोटाभर पाणी आणि गोट्यांचा रुंद पट्टा. दाजी उतरले, चपला काढल्या, पाण्यात उभे राहून वर डोंगराकडे बघत बसले. "पात्र बघ केवढं आणि पाणी बघ केवढं. ह्याचा अर्थ कळला का?" मला कळला नव्हता. "ह्याचा अर्थ, जुलैत इथे उभं राहायचं नाही."

अशा नद्यांना तिकडे रौ म्हणतात. आठ महिने दगडगोटे, चार महिने राक्षस. हा शब्द पुढे रोज कानावर पडणार होता.

चिल्ल्याच्या रस्त्याला जाणाऱ्यांसाठी: ऊन चांगलं वर आल्याशिवाय निघू नका, कानात काही घालू नका, एकटे जाऊ नका, आणि चौकीवर विचारा. त्यांनी नाही म्हटलं तर वाद न घालता बराजवर परत या. बराजपासून आस्था पथापर्यंत उलटं पळालात तरी सकाळ सार्थकी लागते. जंगल सफारीचा हंगाम साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत असतो.

रविवार, हरिद्वार

हर की पौडीवर पहाटे पळणं हा वेडेपणा आहे, ते करूही नका. तिथे ताईबरोबर भाविकासारखी गेले. पाणी इतकं गार की पहिल्या बुडीला श्वासच अडकतो. साखळी धरून तिसरी बुडी मारली तेव्हा कुठे मंत्र आठवला.

काठावर दाजींनी बॉम्ब टाकला. "ही गंगेची मूळ धार नव्हे. मूळ धार ती पलीकडे, चंडीदेवीच्या डोंगराखाली, नीलधारा. हे पाणी भीमगोड्याच्या बराजवरून वळवलेलं आहे."

"अहो, इथे तरी नको," ताई म्हणाली. "गंगा आहे ती."

"गंगाच आहे. वळवलेली आहे एवढंच म्हणतोय."

हा वाद आमच्या घरचा नाही, तो फार जुना आहे. उत्तराखंड सरकारनं २०१६ साली एका आदेशात हर की पौडीच्या प्रवाहाला कालव्याचा एस्केप चॅनल, म्हणजे जादा पाणी सोडायचा फाटा म्हटलं होतं, तीर्थपुरोहितांनी आंदोलन केलं आणि २०२० साली तो आदेश मागे घेतला गेला. त्याच्या शंभर वर्षं आधी, इंग्रज भीमगोड्याला नवा बंधारा बांधायला निघाले तेव्हा मदनमोहन मालवीय पुढे आले आणि १९१६ साली करार झाला की गंगेची धार अखंड वाहती राहील. आणि त्याच्याही आधी, ज्यानं हा कालवा काढला त्या प्रोबी कॉटलीला इथल्या पुरोहितांनी गंगेला कैद करतोस म्हणून विरोध केला होता. त्यानं बंधाऱ्यात मोकळी फट ठेवायचं कबूल केलं, घाट दुरुस्त करून दिले, आणि कामाचा मुहूर्त गणेशपूजनानं केला. शेवटचा तपशील ऐकून ताई दाजींकडे बघून म्हणाली, "बघा. साहेबाला कळत होतं."

पळणं आठ वाजता सुरू केलं, मायापूरपासून. जुने हेडवर्क्स, म्हणजे कालव्याच्या तोंडाची बांधकामं, इथे आहेत. इथून पुढे कालव्याच्या दोन्ही काठांना पटरी आहे. पटरी म्हणजे आपल्याकडचा निरीक्षण पथ, पण रुंद. कालवाही आपल्या कल्पनेतला नव्हे. आपल्याकडची गोदावरी उन्हाळ्यात एवढी दिसत नाही. सध्या दहा हजार क्युसेकच्या आसपास त्याची क्षमता आहे. दाजींनी हा आकडा उच्चारताना टोपी काढली, खरंच काढली.

सुरुवातीचे दोन-तीन किलोमीटर घाटांचेच. सिंहद्वार, प्रेमनगर आश्रमाचा पूल, गोविंदपुरीचा घाट. आंघोळी, मुंडनं, धुणी. पुलाच्या कठड्याशी तीन पोरं दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात सोडत होती. भाविक पुलावरून नाणी टाकतात, चुंबक तळाशी घासत ओढला की नाणं चिकटून वर येतं. हल्लीची एक-दोन रुपयांची नाणी पोलादी, त्यामुळे धंदा बरा चालतो. एकानं मला मूठ उघडून दाखवली. एक आणि दोनची नाणी, शेवाळानं बुळबुळीत, आणि एक वाकलेला खिळा. "गंगाबंदी में ज़्यादा मिलता है," तो म्हणाला, "पर तब सब आ जाते हैं." पाणी उतरलं की अख्खं गाव चाळण्या घेऊन पात्रात उतरतं म्हणे.

ज्वालापूर मागे पडलं की गर्दी विरळ होते. उजवीकडे शिवालिकाची रांग पाठीमागे सरकत जाते, डावीकडे निलगिरीची झाडं आणि शेतं. पटरी कुठे डांबरी, कुठे खडीची. पायाला जाडसर तळाचे बूट असावेत, ट्रेलचे नकोत. भटकी कुत्री आहेत, पण सकाळी आळशी असतात. नाश्त्याला कचोरी आणि बटाट्याची रस्साभाजी, पानांच्या द्रोणात, वर हिरवी चटणी. हरिद्वारात मांस आणि दारू मिळत नाही, आणि त्याची उणीव भासत नाही. संध्याकाळी रबडी खाल्ली त्याबद्दल वेगळं लिहायला हवं.

रानीपूरला पोचले तर दाजी आधीच कठड्यावर बसलेले, चेहरा लग्नघरातला. कालवा समोर एका रुंद पुलाखाली शिरत होता. मी पुलावर चढले. पुलावर रस्ता नव्हता. पुलावर नदी होती. म्हणजे नदीचं पात्र: वाळू, पांढरे गोटे, मधे चरणाऱ्या दोन म्हशी आणि दोन्ही बाजूंना दगडी भिंती. डोंगराकडून आलेली रानीपूरची रौ कालव्याच्या डोक्यावरून पलीकडे जाते. मी कोरड्या नदीत उभी होते आणि माझ्या पायाखालून, आवाज करत, गंगा वाहत होती.

"सुपरपॅसेज," दाजी म्हणाले. "पुस्तकात आकृती काढली होती. मार्कं मिळाली. बघायला आज मिळाला."

मग त्यांनी सांगितलेली गोष्ट मला या सगळ्या प्रवासात सगळ्यात जास्त आवडली. कॉटलीनं कालवा डोंगराच्या तोंडाशीच सुरू केला, त्यामुळे रुडकीपर्यंतच्या तीसेक किलोमीटरांत शिवालिकातून उतरणाऱ्या चार रौ त्याला आडव्या येतात. रानीपूर आणि पथरी या दोन त्यानं कालव्याच्या वरून नेल्या. धनौरीची रतमऊ कालव्याच्या पातळीवरच येऊन त्याला छेदते. आणि सोलानी खालून, म्हणजे तिथे कालवाच नदीवरून जातो. चार नद्या आणि ओलांडायच्या तीन तऱ्हा. हे सगळं १८४२ ते १८५४ या काळात, विटा स्वतः भाजून, चुना आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी कालवून.

पुढे आर्थर कॉटननं यावर कडाडून टीका केली. हा कॉटन म्हणजे आपल्याच गोदावरीवर, पार खाली राजमहेंद्रीजवळ, धवळेश्वरमचा बंधारा बांधणारा. त्याचं म्हणणं, कालव्याचं तोंड फार वर, डोंगराच्या फार जवळ घेतलं, म्हणून या रौंशी झगडण्यात पैसा गेला. कालव्याला उतारही जास्त दिला, त्यामुळे तळ खरवडला जातो. दाजींच्या मते उताराच्या बाबतीत कॉटनचं बरोबर होतं. तोंडाच्या जागेबद्दल ते ठाम बोलत नाहीत. मी बोलते. कॉटनचं ऐकलं असतं तर हा कालवा मैदानातून निघाला असता, आणि मैदानातल्या कालव्याकाठी पळायला मी नाशिकहून इतक्या लांब आले नसते.

सोमवार, धनौरी ते रुडकी

धनौरीपर्यंत स्कूटरनं, वाटेत पथरीला दाजींचा थांबा. पहाटे थंडी बारा-तेरा अंशांची असेल. स्कूटरवर मागे बसून दात वाजतात, म्हणून हातमोजे आणाच.

धनौरी बघायला विशेष वाटत नाही. कालवा, दरवाजांची एक ओळ त्याच्यावर, दुसरी ओळ त्याच्या काठाला. पण दाजींना तिकडच्या खात्यातला एक बेलदार, म्हणजे कालव्यावरचा कामगार भेटला, निवृत्तीला आलेला, मफलर बांधलेला, आणि दोघांचं असं जमलं की मी चहाचे दोन पेले संपवले. दाजी मराठी वळणाच्या हिंदीत, बेलदार इकडच्या खड्या बोलीत. विषय दरवाजांचे गंज, गाळ, आणि साहेब लोक. बेलदारानं सांगितलं की इथे पावसाकडे बघून उपयोग नाही. "यहाँ धूप निकली होती है साहब, और रौ आ जाती है." वर डोंगरात कोसळलेला असतो. मग कालव्याकडचे दरवाजे पाडायचे, पलीकडचे उघडायचे, आणि रौ कालव्याला आरपार छेदून निघून जाते. जरा उशीर झाला तर सगळा गाळ, झाडं, मेलेली जनावरं कालव्यात.

दाजींनी विचारलं, "कभी देर हुई?"

बेलदार चहात बघत म्हणाला, "हमारी ड्यूटी में नहीं."

दाजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. खात्यातलं उत्तर खात्यातल्याला कळतं.

इथून रुडकीपर्यंतचा दहा-बारा किलोमीटरांचा पट्टा माझ्या मते या सगळ्या वाटेवरचा राजा. ऋषिकेशची वाट फोटोला चांगली, पण इथे पळायला सुख आहे. पटरी सरळ, दोन्हीकडे उसाचे फड, मधे पॉपलरच्या ओळी, त्यांची पानं पिवळी होऊन गळत होती. मागे वळून पाहिलं तर शिवालिकाची निळी रेघ आणि तिच्यावर मसुरीच्या डोंगरांची आणखी फिकट. बर्फाची शिखरं पावसानंतरच्या स्वच्छ सकाळी दिसतात असं सगळे सांगतात. आमच्या नशिबी धुरकट आभाळ होतं. नोव्हेंबरात तसंच असतं, बर्फाच्या आशेवर येऊ नका. पाण्याबरोबर पळत असल्यामुळे उतार अंगाला लागत नाही, पण घड्याळ सांगतं की रोजच्यापेक्षा वेगात चाललोय. किंवा पाणी शेजारून पुढे जात असलं की पायांना ईर्ष्या होत असेल.

कलियरच्या अलीकडे वास आला. गुऱ्हाळ! तिकडे कोल्हू म्हणतात. रनिंग तिथेच संपलं असतं तरी चाललं असतं. चार कढया एकापुढे एक, खाली चिपाडांचा जाळ. एक म्हातारे बाबा बादलीतून चिकट पाणी ढवळत होते. सुकलाई नावाच्या झाडाची साल पाण्यात कुस्करून काढलेला बुळबुळीत रस. उकळत्या रसात तो ओतला की सगळी मळी वर तरंगून येते आणि झाऱ्यानं काढून टाकायची. कोल्हापूरकडे याच कामाला रानभेंडी वापरतात, हे मी सांगितल्यावर बाबांनी विचारलं, "तो फिर गुड़ भी वैसा ही बनता होगा?" मी कोल्हापूरकरांना स्मरून म्हटलं, आमचा जरा बरा. बाबांनी काही न बोलता लाकडी उलथण्यावरचा गरम गुळाचा लोळ एका पानावर टाकला आणि माझ्यापुढे धरला. पुढे वाद घातला नाही. दोन किलोची ढेप घेतली, दाजींच्या डिकीत बसली.

पिरान कलियरला साबिरसाहेबांचा दर्गा आहे, चिश्ती परंपरेतला, तेराव्या शतकातला. पटरीवरूनच गर्दी जाणवते. फुलांच्या चादरी, शिरमाल, गुलाबजल, लांबून आलेली कुटुंबं. आदल्या दिवशी घाटावर पाहिलेल्या माणसांसारखीच थकलेली आणि उत्साही. मी वेग कमी करून चालत गेले. घामाच्या कपड्यांत आत जाणं बरं वाटलं नाही, पण एका दुकानदारानं बाटली भरून पाणी दिलं.

मग जमीन खाली खाली जायला लागते आणि कालवा खाली जात नाही. तेव्हाच कळतं की सोलानीचं खोरं आलं. चार किलोमीटरांहून लांब मातीचा भराव, त्याच्या माथ्यावर कालवा, आणि माथ्यावरच मी. शेतं, घरं, झाडांचे शेंडेसुद्धा खाली. या भरावाची माती वाहायला १८५१ साली इथे वाफेचं इंजिन आणलं होतं, मुंबई-ठाणे गाडी धावण्याच्या आधी. प्रवासी गाडीचा मान आपला, तो कुणी घेत नाही, पण मातीची गाडी इकडे आधी धावली.

आणि मग सिंह. जलसेतूच्या, म्हणजे नदीवरून कालवा नेणाऱ्या पुलाच्या, दोन्ही तोंडांना दगडी सिंहांच्या जोड्या. पुतळे म्हणून ते काही फार देखणे नाहीत, एकाचा चेहरा तर रागावलेल्या मास्तरांसारखा आहे. पण एवढ्या पाण्याचं दार राखायला शोभतात. पंधरा कमानी, प्रत्येकीचा गाळा पन्नास फुटांचा. दाजी मला थेट खाली सोलानीच्या वाळूत घेऊन गेले, कारण जलसेतू वरून बघायचा नसतोच. खाली नदीची एक बारीक धार, धोबी, पतंग उडवणारी पोरं. वर कमानींच्या पोटात विटा आणि चुन्याचे पांढरे ओघळ. एका ठिकाणी पाणी झिरपत होतं. दाजींनी त्याच्यावर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि म्हणाले, "चुना धुपतोय. पण पावणेदोनशे वर्षांनी एवढं झिरपलं तर मी कुणाला मेमो देणार नाही."

कालवा ८ एप्रिल १८५४ रोजी रुडकीला सुरू झाला. १८३७-३८ च्या भीषण दुष्काळानं त्याची निकड पटवली होती. बांधायला माणसं शिकलेली हवीत म्हणून १८४७ साली रुडकीला अभियांत्रिकी कॉलेज निघालं, तेच आजचं आयआयटी. आमचे दाजी पुण्याच्या सीओईपीचे. त्यांचं कॉलेज कालवा सुरू झाला त्याच वर्षी, १८५४ ला निघालं, ही गोष्ट त्यांनी रुडकीतल्या चहावाल्यालाही सांगितली. कॉटलीला मात्र त्याच्या काळात कालव्याइतकंच नाव दुसऱ्याच कारणासाठी मिळालं होतं. याच शिवालिकाच्या टेकड्यांत त्यानं ह्यू फाल्कनरबरोबर प्राचीन प्राण्यांची हाडं शोधली. जिराफाच्या गोतातला, हत्तीएवढा, फांद्यांसारख्या शिंगांचा शिवथेरियम हा त्यातलाच. त्या कामाला १८३७ सालचं वोलास्टन पदक मिळालं. कालवा खणायच्या आधीच तो माणूस हे डोंगर चांगले ओळखून होता.

रुडकीत कालवा गावाच्या मधोमध जातो आणि संध्याकाळी सगळं गाव त्याच्या काठावर असतं. विद्यार्थी पळत होते, त्यांच्यातल्या एकीनं मला विचारलं, कुठून आलात. धनौरीहून, म्हटलं. तिनं घड्याळात बघून भुवया उंचावल्या. ती रोज गावातल्या पुलापासून सिंहांपर्यंत जाऊन परत येते. मुक्काम रुडकीत असेल तर हाच उत्तम मार्ग, सकाळी सात ते नऊ. खाली आसफनगरच्या झालीकडे, म्हणजे कालव्याच्या धबधब्याकडेही पटरी जाते, पण तिकडे ट्रॅक्टर-ट्रॉल्या जास्त, उसाचा हंगाम असला की फारच.

ताई दुपारच्या बसनं हरिद्वारहून आली, दर्शनाचा प्रसाद आणि तक्रारींची यादी घेऊन. सिंह तिला आवडले, झिरपणं दाखवायला दाजींनी तिला खाली नेलं ते आवडलं नाही. रुडकी ते हरिद्वार बसला फार वाट बघावी लागत नाही, आम्ही दोघी पाचच्या सुमाराला निघालो. दाजींना स्कूटर परत द्यायची होती, म्हणून ते पटरीनंच गेले, ढेपेसकट. आमच्यानंतर अडीच तासांनी पोचले. पथरीला सकाळी अंधार होता, नीट दिसलं नव्हतं म्हणे.